ओल्यावर ओलं

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
मी पाणी काढलं.
तुटक रेघेचं, निळ्या शाईचं,
खाली प्रमाण, वर उत्तर दिशा.
हाताला कधी ओल लागली नाही.

निवृत्तीनंतर सीताबर्डीहून आणल्या
बारा रंगांच्या वड्या, दोन कुंचले,
खरबरीत कागदाची एक वही.
दुकानदार म्हणाला, पांढरा घेऊ नका,
पांढरं म्हणजे सोडलेला कागद.
सोडायचं कसं
ते काही त्यानं सांगितलं नाही.

मे महिना. सकाळचे साडेसात.
फुटाळ्याच्या काठावर बसून
आकाशाचा पहिला हात फिरवला
आणि दुसऱ्यासाठी कुंचला बुडवेपर्यंत
पहिला वाळून कडक.
इथलं ऊन कागदावरचं पाणी
उभ्या उभ्या पिऊन टाकतं.
मागं एक पोरगं, दुधाची कॅन टेकवून:
"काका, आभाळाले ठिगळं काहून लावून राह्यले?"

नाईक तलावाजवळचे पराते
एकेकाळी सूत रंगवायचे.
आता माग नाही, कढई नाही.
वही उलटीसुलटी करून म्हणाले,
"कोरड्या सुताले रंग देते का कोणी?
आधी पाणी पाजा. तहान भागू द्या त्याची.
मंग रंग आपल्या मनानं जाईन."
"आणि मी?"
"तुम्ही पाह्यचं."

तेव्हापासून दुपारी
कूलरसमोर स्टूल ओढून बसतो.
अख्ख्या घरात एवढीच जागा
जिथं वाळ्याच्या वासात
कागद दहा मिनिटं ओला राहतो.
बायको म्हणते, सगळी हवा अडवली.
मी थोडा सरकतो.
सकाळी पेन्सिलीनं टिपून आणलेलं,
गोरेवाड्याचा खडक,
हलत्या एस.टी.तून कन्हानची वाळू,
रामटेकची देवळं तीन रेघांत
(बस वळली म्हणून तीनच),
ते दुपारी पाण्यात सोडतो.

काल खिंडसी होती.
डोंगराचा निळा अजून ओला,
आणि कुंचल्यावरून एक थेंब
जास्तीचा पडला.
रंग मागं सरकू लागला
फुलकोबीसारखी कड धरत.
टिपकागद हातात होता.
टिपला नाही.
पाणी डोंगरातून उतरलं, पायथ्याच्या वस्तीत शिरलं,
मी काढलेल्या सहा घरांपैकी चार घरांत,
आणि जिथं थांबलं
तिथं आपली आपण एक गडद रेघ मारली.

ही रेघ माझ्या ओळखीची.
एका धरणाच्या नकाशावर
मीच ओढली होती ती,
वर सुवाच्य अक्षरात: बुडीत क्षेत्राची हद्द.
आत चाळीस काळे चौकोन,
विहिरीचा एक गोल,
मारुतीचा एक त्रिकोण.
साहेब म्हणाले, आतलं काढून टाका,
नकाशा स्वच्छ दिसला पाहिजे.
मी ब्लेडनं खरवडलं एकेक घर
ट्रेसिंग कागद फाटू न देता.
शाबासकी मिळाली होती.
चहाही.

संध्याकाळी पराते आले.
चष्मा कपाळावर नेऊन, कागद नाकाशी धरून म्हणाले,
"जमलं बाप्पा. पाणी पाण्यासारखं दिसते."
घरांबद्दल काही बोलले नाहीत.
ती चार घरं
निळ्याखालून दिसत होती, पेन्सिलीची.
ते गेल्यावर सवयीनं
एका भिंतीवर रबर फिरवून पाहिलं.
पेन्सिलीवरून एकदा पाणी गेलं
की ती खोडली जात नाही,
हे मला ठाऊक नव्हतं.

कूलर कोरडा घरघरत होता.
बादली घेऊन उठलो.